बोरदरीचा गोळा

एक गोष्ट मी या जानेवारीपर्यंत कुणालाच सांगितली नव्हती. आमच्या रत्नागिरीच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, एका लोकरी मोज्यात गुंडाळलेला पोलादाचा गोळा तीस-बत्तीस वर्षं पडून होता. लहान मोसंब्याएवढा, हातात घेतला की वाटतो त्यापेक्षा जड. त्यावर दोन स्टेशनांची नावं आणि एक आकडा कोरलेला आहे. वसुधाला, म्हणजे माझ्या बायकोला, तो एकदा सापडला होता. "हे काय?" तिनं विचारलं. "मोठ्या मशीनचं बेअरिंग," मी म्हणालो. तिनं तो परत मोज्यात घातला आणि विषय संपला.

तो गोळा रेल्वेचा होता. तो हरवल्याचा ठपका एका दुसऱ्या माणसावर आला. त्यांचं नाव किसन साळवे. आम्ही त्यांना किसनमामा म्हणायचो. गोळा हरवलाच नव्हता. माझ्या खिशात होता.

गेल्या वर्षी मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. यंदा संक्रांत झाल्यावर तो मोजा पिशवीत टाकला आणि तीन दिवसांसाठी छत्रपती संभाजीनगरला गेलो. माझ्या नोकरीच्या वेळचं औरंगाबाद. वसुधाला सांगितलं, जुनी जागा बघून येतो. ते खरं होतं, पण अर्धंच. बोरदरी नावाचं ते स्टेशन आता नकाशात नाही, त्यामुळे तुम्ही ठरवून तिथं जाऊ शकणार नाही. मी जाऊन आलो. तिथं मला जे मिळालं ते माझ्या लायकीपेक्षा खूप जास्त होतं, म्हणून लिहायला बसलो आहे.

पहिला दिवस : शहर

गाडीतली रात्र सांगण्यासारखी नाही. सकाळी फलाटावर उतरलो तर थंडीनं कान दुखायला लागले. आमच्या कोकणात थंडी म्हणजे पहाटे पांघरूण ओढून घेण्यापुरती. इथं नऊ वाजताही लोक मफलर बांधून, दोन्ही हातांत कप धरून उभे होते.

माझ्याकडे पत्ता असा नव्हताच. बोरदरीच्या फलाटाच्या टोकाला निंबाखाली हलीमाबींचा चहाचा ठेला होता. वस्ती उठल्यावर त्या मुलाला घेऊन शहरात आल्या आणि स्टेशनच्या रस्त्यावर दुकान टाकलं, एवढंच कधीतरी कानावर आलं होतं. तिसऱ्या दुकानात विचारलं तेव्हा चाळिशीतल्या एका माणसानं चहाचं गाळणं तसंच हवेत धरून मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"अम्मी को गुजरके छे साल हुए. आप कौन?"

"बोरदरीला मास्तर होतो. सावंत."

"कोकणी मास्तर?" त्यानं गाळणं खाली ठेवलं. "भाकर देखके रोनेवाले?"

"रडलो नव्हतो मी."

"अम्मी झूट कायकू बोलेगी? बोलती थी, एक छोरा मास्तर बनके आया, भाकर देखा और दरवाजा बंद करके रोया."

हा अन्वर. मी पाहिला तेव्हा कपबशा विसळत होता. खरं सांगायचं तर मी थोडा रडलो होतो. बाविसाव्या वर्षी, जन्मभर भात खाल्लेल्या माणसाला ज्वारीची भाकरी पहिल्या दिवशी घशाखाली उतरत नाही. दुसऱ्या दिवशी हलीमाबींनी भाकरी दुधात कुस्करून समोर ठेवली होती आणि मला बोलावं लागू नये म्हणून स्वतःच बडबडत राहिल्या होत्या. ती भाकरी मला आजही आठवते.

दुपारी अन्वर मला नान-खलिया खायला घेऊन गेला. मोठ्या देगेत रात्रभर शिजलेलं मटण, पिवळसर रस्सा, वर तवंग, आणि हातभर रुंद नान. आमच्याकडे पाहुण्याला आधी विचारतात, काय खाणार, किती खाणार. इथं विचारत नाहीत. ताट पुढं येतं आणि तुम्ही खाता. तीन वर्षं या लोकांनी मला असंच वाढलं होतं.

जेवताना अन्वरनं सहज विचारलं, "साब, वो गोला गुमा था, आपकेच टाइम में ना?"

"हो."

"किसनमामा का गोला." तो हसला. "अब्बी भी पूछते सब उनको. मामा, गोला मिला क्या? पक्का पूछते. हर साल."

"सगळे भेटतात?"

"हौ. खंडेनवमी को. बोरदरी पे. जिधर फलाट था उधर. कोई जालने से आता, कोई परभनी से. खिचड़ी बनाते, खाते, मामा को छेड़ते, घर जाते."

माझा घास हातातच राहिला. तीस-बत्तीस वर्षं एक विनोद चालू होता आणि तो माझ्यामुळे चालू होता.

"मामा कुठं असतात?"

"फुलंब्री. बेटी के पास. सुजाताबाजी टीचर है उधर. कल बोरदरी, परसों फुलंब्री. मैं ले जाता."

"तुझं दुकान?"

"बीवी है ना. मेरे से अच्छा चाय बनाती. गिराईक खूस होंगे."

दुसरा दिवस : जिथं बोरदरी होती

अन्वरनं शेजाऱ्याची रिक्षा आणली. पडेगाव मागं पडलं, दौलताबादचा किल्ला डाव्या अंगाला येऊन मागं गेला, आणि ज्वारीची शेतं सुरू झाली. कणसं दुधाळ होती. एका बांधावर दोघं-तिघं शेणाच्या गोवऱ्यांची आगटी पेटवून हुरडा भाजत होते. अन्वरनं नुसता हॉर्न वाजवला तर त्यांनी हातानंच बोलावलं. कोण, कुठले, कशाला, काही नाही. गरम कणसं हातावर चोळून मूठभर हुरडा माझ्या ओंजळीत, वर शेंगदाण्याची चटणी. मी तळहात भाजून घेतला आणि सगळे मनापासून हसले.

पुढं रस्ता संपला. शेताच्या कडेनं चालत गेलो आणि अन्वर एका निंबाखाली थांबला. "आ गए."

मला काही दिसेना. मग दगडाची एक लांब कड दिसली, गवतात अर्धी बुडालेली. तो फलाट.

बोरदरी कशी झाली ते मला किसनमामांनीच सांगितलं होतं. निजामाच्या काळात ही अरुंद लाइन पडली. इंजिनाला दौलताबादकडच्या चढाआधी पाणी लागायचं, म्हणून इथं विहीर खणली. विहिरीला पाणी लागलं म्हणून स्टेशन आलं. स्टेशन आलं म्हणून माणसं आली. नाव दिलं तीन कोसांवरच्या एका गावाचं. त्या गावचं कुणी इथं फारसं येत नसे. बारा क्वार्टर, एक कापसाची शेड, मास्तर, गाड्यांसाठी रूळ बदलणारे सांधेवाले (किसनमामा त्यांतलेच), रूळ तपासणारा चावीवाला, गँगची माणसं आणि हलीमाबी. शनिवारी फलाटावरच बाजार भरायचा. पाटीवर नाव मराठीत, इंग्रजीत आणि उर्दूत होतं.

मी आलो तेव्हा वाफेची शेवटची काही इंजिनं धावत होती. सकाळी नऊची पॅसेंजर थांबली की बायका बादल्या घेऊन इंजिनापाशी रांग लावायच्या. ड्रायव्हर खालचा नळ सोडायचा आणि कढत पाणी बादल्यांत पडायचं. अख्ख्या बोरदरीची आंघोळ नऊच्या गाडीनं. गाडी लेट म्हणजे वस्ती पारोशी. एकदा गाडी दुपारी दोनला आली तेव्हा नवरदेव हळदीच्या अंगानं फलाटावर बसून होता आणि किसनमामा त्याला म्हणाले होते, "बस रं, सिग्नल दिलाय तुझ्या आंघोळीला."

आमच्याकडे पाणी छपरावरून, डोंगरावरून, नको तिथून येतं. इथं ते वेळापत्रकानं यायचं. मला ते आधी दरिद्री वाटलं होतं. नंतर कळलं की यामुळे रोज सकाळी सगळी वस्ती एकमेकांना पाहायची. कोण आजारी आहे, कोण रुसलंय, सगळं रांगेत समजायचं. मी दुसऱ्याच महिन्यात तापानं पडलो, तेही रांगेनंच ओळखलं. माझी बादली आली नव्हती. किसनमामा आणि गँगच्या चौघांनी मला रुळावरच्या ढकलगाडीवर आडवं घातलं आणि उन्हात दौलताबादपर्यंत ढकलत नेलं. मामा शेजारी पळत होते, माझ्या तोंडावर छत्री धरून. मग महिनाभर त्यांच्या बायकोनं, यशोदामामींनी, मला ताक-कण्या भरवल्या.

वस्ती गेली ती मात्र कुणी हाकलली म्हणून नाही. आधी डिझेलची इंजिनं आली. त्यांना पाणी नको होतं. मग रुंद रूळ आले. नवी लाइन सरळ टाकली आणि बोरदरी जुन्या वळणाच्या कोपरात, दीड-दोन किलोमीटर बाजूला राहून गेली. जुने रूळ उचलले. क्वार्टरांची कौलं, दारं, मग विटा गेल्या. विहीर नव्या मोठ्या रस्त्याच्या भरावात बुजली.

"आणि पाटी?" मी अन्वरला विचारलं.

"बोर्ड ना? उधर एक गोठे का दरवाजा है. उलटा लगाया. नाम अंदर की तरफ, भैंस पढ़ती."

मी हसलो, आणि मग हसू अर्ध्यात थांबलं. म्हणजे उघड्यावर हे नाव आता कुठंही नव्हतं. माझ्या पिशवीत होतं, मोज्यात.

अन्वर रिक्षा बघायला गेला. मी फलाटाच्या कडेवर बसलो. तिथं बसून जे आठवलं ते आता सांगतो.

आमची लाइन एकेरी होती. दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून गोळ्याची पद्धत होती. दोन स्टेशनांत एकेक लोखंडी यंत्र. एका यंत्रातून एक गोळा बाहेर आला की दोन्ही यंत्रं बंद. तो गोळा ड्रायव्हरजवळ असेल तरच त्याला पुढं जायचा हक्क. गाडी पोचली की तो गोळा तिथल्या यंत्रात टाकायचा, तेव्हाच मागची लाइन पुन्हा मोकळी. गोळा चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या कड्याला. किसनमामा हात वाकडा करून उभे राहायचे आणि चालत्या इंजिनातून ते कडं खांद्यावर झेलायचे.

बोरदरीत आणखी एक रिवाज होता. पुस्तकातला नव्हे, मामांचा. गोळा मास्तरांच्या तळहातावर ठेवताना ते मोठ्यानं म्हणायचे, "गोळा दिला." मास्तरांनी म्हणायचं, "गोळा घेतला." तोवर त्यांची बोटं गोळ्यावरून सुटत नसत. मला सुरुवातीला हे नाटकी वाटायचं.

त्या दिवशी माझी पाळी दुपारच्या पॅसेंजरला संपत होती आणि त्याच पॅसेंजरनं मला शहरात जायचं होतं. वसुधा तेव्हा शहरात तिच्या काकांकडे आली होती, तिला पाहायला. बदलीचे मास्तर आले होते, पुढच्या स्टेशनाशी फोनवर बोलत होते. मामांनी तळहातावर गोळा ठेवला. "गोळा दिला." मी म्हणालो, "गोळा घेतला." यंत्र चार पावलांवर होतं. तेवढ्यात यशोदामामी डबा घेऊन आल्या, "सासुरवाडीला उपाशी जाऊ नका," म्हणाल्या. डबा घ्यायला हात मोकळा हवा होता. मी गोळा पॅंटच्या खिशात टाकला, डबा घेतला, गाडीनं शिट्टी दिली आणि मी धावलो.

दौलताबाद गेल्यावर रुमाल काढायला खिशात हात घातला.

शहराच्या स्टेशनात उतरून पहिल्या खिडकीत तो दिला असता तर ओरडा बसला असता, पत्र मिळालं असतं, संपलं असतं. पण मी त्या महिन्यात नोकरीत कायम होणार होतो. काका स्टेशनवर न्यायला आले होते. मी ठरवलं, उद्या पहिल्या गाडीनं जाऊ आणि गुपचूप यंत्रात टाकू.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोचलो तर इन्स्पेक्टर आले होते. रात्रभर गाड्या कागदी परवानगीवर रखडत चालल्या होत्या. इन्स्पेक्टरांनी मला विचारलं, "गोळा तुम्हाला मिळाला होता का?" मी तोंड उघडलं. माझ्या आधी किसनमामा बोलले, "नाय साहेब. मास्तरांच्या हातात दिलाच नाय म्या. कडं झेलताना पिशवी उघडी राहिली, नाल्यात पडला आसंल."

त्यांना ठाऊक होतं की त्यांनी तो दिला आहे. मी ‘घेतला’ म्हटलेलं त्यांनी ऐकलं होतं. पोरगं आहे, कायम व्हायचंय, गाडीच्या दारातून पुलाखालच्या नाल्यात पाडून बसलंय, असं त्यांनी मनात धरलं. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

मग तीन दिवस सगळी बोरदरी त्या नाल्यात उतरली. बायकासुद्धा. मामांनी बोरीची काटेरी जाळी हातानं उपसली. दंडावर ओरखडे होते. मी काठावर हलीमाबींच्या चहाचा कप घेऊन उभा होतो. गोळा तेव्हा माझ्या ट्रंकेत होता. त्यांना वाटत होतं, ते माझी चूक शोधतायत. सापडली असती तर मला वाचवल्याचं त्यांना बरंही वाटलं असतं. मी त्यांना नसलेली वस्तू शोधू दिली.

मामांची बढती थांबली. बढती मिळून ते शहराच्या सिग्नल केबिनला जाणार होते, आणि शहरात त्यांची सुजाता मोठ्या शाळेत जाणार होती. ते झालं नाही. किसन साळवे निष्काळजी, हे सगळ्यांना फार लवकर पटलं. लवकर का पटलं हेही मला कळत होतं. माझं आडनाव आणि त्यांचं आडनाव ऐकून लोक जे धरून चालतात, त्याचा फायदा मी न मागता घेतला.

अन्वर परत आला तेव्हा त्याच्या हातात झेंडूचं वाळकं फूल होतं. फलाटाच्या फटीतलं. "इधर मशीन था ना? यहाँ रखते," तो म्हणाला.

बोरदरीत खंडेनवमीला त्या यंत्राला हार घालायचे. मामा हार घालत नसत. "म्या फुलं वाहत नाय," म्हणायचे, "पर मशीन लख पुसून देतो, मंग तुमी वहा." आदल्या दिवशी रॉकेलच्या चिंधीनं ते यंत्र चकचकीत करायचे. यंत्र भंगारात गेलं; लोक अजून त्याच्या जागेला फूल ठेवतात.

तिसरा दिवस : फुलंब्री

सुजाताच्या अंगणात ऊन छान पसरलं होतं. दारावर निळी तोरणं, आत भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. किसनमामा बाजेवर बसले होते, निळा स्वेटर, डोक्याला उपरणं. पंचाहत्तरी ओलांडलेली. गुडघे गेले आहेत, नजर शाबूत आहे.

"मास्तर," ते म्हणाले. विचारलं नाही, नुसतं म्हणाले. मग अन्वरला, "कुठून उचलून आणलंस ह्यांना?"

"खुद आये मामा. भाकर खाने."

"खाया लागले का आता?"

"रोज खातो," मी म्हणालो. हे खरं आहे. रत्नागिरीत मी तांदळाची नाही, ज्वारीचीच खातो.

सुजाता बाहेर आली. पंचेचाळिशीची, चष्मा, शाळेत बोलायची सवय असलेला आवाज. "बसा. आई मागच्या पावसाळ्यात गेली. तुम्हाला कळवायला पत्ता नव्हता."

मी पायरीवर बसलो.

"आबांनी तुमची लई वाट बघितली," ती म्हणाली. "पहिली दहा वर्षं. दिवाळी आली की म्हणायचे, मास्तरांचं कार्ड येईल. मग मीच म्हणलं, पुरे."

"सुजे," मामा म्हणाले, "पाव्हण्याला आधी खाऊ तर घाल. मंग हाण."

तिनं धपाटे आणले, दही, लाल ठेचा. रागावलेल्या माणसाच्या हातचं असूनही ताट भरून होतं. मी खाल्लं. आता उशीर केला तर पुन्हा कधी बोलणार नाही हे मला कळत होतं. हात धुतले, पिशवीतून मोजा काढला आणि गोळा बाजेवर, मामांच्या शेजारी ठेवला.

बाजेचा सुंभ त्या वजनानं खाली गेला. मामांनी तो उचलला. एकदा तळहातावर तोलला, मग उन्हात धरून फिरवला आणि अंगठ्यानं अक्षरं चाचपली. बोरदरीचं नाव आलं तिथं अंगठा थांबला.

"सापडला?" ते म्हणाले. आवाजात इतका आनंद होता की मला खाली बघावं लागलं. "कुठं? नाल्यातच ना? म्या म्हणत व्हतो, पुलाच्या मोरीत आसंल."

"माझ्याकडं होता, मामा."

"आता सापडला ना, म्हणून—"

"नाही. त्या दिवसापासून. खिशात राहिला. दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर आले तेव्हा माझ्या पिशवीत होता. तुम्ही शोधत होतात तेव्हा ट्रंकेत होता."

अन्वर उभा राहिला. सुजातानं चष्मा काढला. शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, मग दुसरी.

"तिन्ही दिस?" मामांनी विचारलं.

"हो."

"तुमी काठावर उभे व्हते. चा पीत."

"हो."

"यशोदा पण उतरली व्हती नाल्यात. पोटूशी व्हती." ते मूल पुढं राहिलं नव्हतं. दुसऱ्या कारणानं, पण ते मला तेव्हा आठवलं आणि त्यांनाही आठवलं असणार.

त्यांनी गोळा मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "मास्तर, नाव खराब झालं त्याचं मला जड नाय गेलं. ते म्या हातानं घेतलं. माझं लेकरू आसतं तरी घेतलं आसतं. पर खोटं शोधाया लावलं तुमी. त्याचा राग येतोय मला. आता येतोय बगा. इतक्या वर्षांनी."

"यायलाच पाहिजे."

"तुमी नका सांगू कव्हा यावा."

सुजाता म्हणाली, "मी दहावीला रोज अकरा किलोमीटर सायकल मारली. शहरात गेलो असतो तर—" आणि थांबली. "जाऊ द्या. शिकले तर खरी."

मी तिची माफी मागितली. तिनं ऐकली, दिली असं म्हणता येणार नाही. आत गेली आणि थोड्या वेळानं चहा घेऊन आली. माझ्या कपात साखर नव्हती. यशोदामामींनी तिला कधीतरी सांगितलं असणार की कोकणी मास्तर बिनसाखरेचा पितो, आणि तिच्या लक्षात राहिलं होतं. तो चहा मी शेवटच्या थेंबापर्यंत प्यालो.

"मामा, हा तुमच्याजवळ ठेवा," मी म्हणालो. "मी वरच्या ऑफिसला लिहून देतो, चूक माझी होती."

"हापिसात आता कोण वळखतं मला? कागुद द्या नायतर नका देऊ." त्यांनी गोळा दोन्ही हातांत धरला, आणि मग एका हातावर घेऊन माझ्यापुढं केला. "हात करा."

मी तळहात पुढं केला. त्यांनी गोळा ठेवला, पण बोटं सोडली नाहीत.

"म्या हा एकदा दिलाय तुमाला. माझं काम तवाच झालं. पुन्ना माघारी घ्यायचा रिवाज नाय. खंडेनवमीला समदे येतेत. गँगवाले, त्यांची पोरं, सुना. मला इचारतेत, मामा गोळा सापडला का. आवंदा तुमी या. मशीन हुतं तिथं उभं ऱ्हावा, आन तुमीच सांगा."

"येतो."

"म्या आसंल, नसंल. तरी या."

"येतो, मामा."

तेव्हा त्यांनी बोटं सोडली. परतीच्या रस्त्यावर शहराची वेस आली. अन्वर तिथं रिक्षा बाजूला घेऊन म्हणाला, "साब, मैं भी तो हर साल हँसता था उनपे." मग मला स्टेशनवर सोडलं, आणि बायकोनं बांधून दिलेली इमरतीची पुडी हातात दिली. असा माणूस मला परत येताना मिळाला, हे माझं नशीब.

घरी आल्यावर वसुधाला सगळं सांगितलं. तिनं गोळा उचलून हातात घेतला.

"म्हणजे मला बघायला आलास तेव्हा हा खिशात होता?"

"हो."

"सारखा खिशाला हात लावत होतास. काकू म्हणाल्या, मुलगा घाबरट दिसतो."

"काकूंचं बरोबर होतं."

ती हसली नाही. खंडेनवमीला बरोबर येते म्हणाली. गोळा आता ट्रंकेत नाही. बाहेर, टीव्हीशेजारी असतो. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मी प्रत्येकाला खरं सांगतो. ते आता जड जात नाही. इथं लिहिणंही फार जड गेलं नाही. तुम्ही बोरदरीचे नाही. त्या नाल्यात तुम्ही उतरला नव्हता.

वरच्या ऑफिसला पत्र पाठवलं आहे, त्याची पोच आली. सुजाताचं देणं कसं द्यायचं ते मला माहीत नाही. ते तसंच राहील. खंडेनवमीला अजून अवकाश आहे. त्या दिवशी निंबाखाली, बोरदरीच्या माणसांसमोर, गोळा हातात धरून मला तीन-चार शब्द मोठ्यानं म्हणायचे आहेत: गोळा मी घेतला होता. ते मी अजून म्हटलेले नाहीत.